फुकटचा खेळ महागात!

मैत्रिणींनो, आज एक कबुली द्यायची आहे. मी गेम खेळते. हो, तेच ते, ज्यावरून आपण मुलांना रागावतो ते. मोबाईलवर खेळते आणि मुलगा घरी असला की त्याच्या लॅपटॉपवरसुद्धा. वय सत्तेचाळीस, घरात सासूबाई, बाहेर बचत गटांची कामं, आणि हे काय भलतंच, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटत होतं. म्हणून तर इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

सुरुवात झाली २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. गटाच्या बैठका बंद, कुणाकडे जाणं-येणं बंद. नात्यातल्या एका वहिनींनी मोबाईलवर एक खेळ पाठवला. रंगीत गोळ्या जुळवायच्या, तीन जुळल्या की फुटतात. फुकट होता. म्हटलं, चला, तेवढाच विरंगुळा. पहिले पन्नास-साठ डाव कसे भराभर जिंकले! वाटलं, आपल्याला जमतंय की. मग हळूहळू गाडी अडायला लागली. पाच वेळा हरलं की खेळ बंद. अर्धा तास थांबा, नाही तर पैसे भरा. आणि हरायचं तेही कसं, तर एकच गोळी राहिलेली असते आणि चाली संपतात. लगेच पडद्यावर विचारणा, 'आणखी पाच चाली हव्यात?' रक्कम बघावी तर किरकोळ. एकदा ८९ रुपये भरले. मग पुन्हा एकदा. भाजीत तेवढे जातातच, अशी मनाची समजूत घातली.

पुढच्या वर्षी नवीन फोन घेतला. जुन्यातलं सगळं नव्यात घालून द्यायला मुलगा बसला होता. त्याला खरेदीची यादी दिसली. बेरीज करून तो म्हणाला, "आई, दोन हजार तीनशे चाळीस रुपये?"

खरं सांगते, आधी मी त्याच्यावरच ओरडले. माझ्या फोनमध्ये कशाला डोकावतोस म्हणून! मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत बसले. पैसे काही लाखात नव्हते. पण गटातल्या बायकांना मी दर महिन्याला सांगते, शंभर रुपये का होईना बाजूला टाका, खर्च लिहून ठेवा. आणि माझ्या स्वतःच्या वहीत हे २,३४० रुपये कुठेच नव्हते.

हे मी एकटीनं केलं असतं तर माझाच मूर्खपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण या 'फुकट' खेळांची रचनाच तशी असते, हे नंतर वाचनात आलं. खेळणाऱ्यांपैकी बहुतेक जण एक पैसाही देत नाहीत. थोडेच देतात, आणि त्यातले काही पुष्कळ देतात. सगळा धंदा त्यांच्यावर चालतो. या पुष्कळ देणाऱ्यांना त्या व्यवसायात 'व्हेल' म्हणतात, म्हणजे देवमासा! मी काही देवमासा नव्हते, पण गळाला लागले होते एवढं नक्की.

आणि यापेक्षा फार वाईट मी पाहिलेलं आहे. आमच्या एका गटातल्या सखीचा नवरा मोबाईलवर रमी खेळायचा. सुरुवातीला म्हणे दोन हजार जिंकला. मग तिच्या पाटल्या गहाण पडल्या, मग गटाचं कर्ज तिच्या नावावर उचललं ते थकलं. ती बैठकीला यायची बंद झाली तेव्हा कुठे आम्हाला कळलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. फार चांगलं झालं. पण त्या सखीच्या पाटल्या काही परत आल्या नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे 'गेम' हा शब्द काढला तरी बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांचं चुकत नाही. फक्त एक होतं, की सगळेच खेळ एका माळेत ओवले जातात. आणि तसं नाहीये, हे मला आता थोडं अनुभवानं कळलंय, म्हणून हा लेख.

त्या दिवशी संध्याकाळी मुलगा जवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, तुला खेळायचंच आहे ना, मग असा खेळ घे की एकदाच पैसे द्यायचे आणि विषय संपला. इंडी गेम घे."

मला वाटलं, इंडी म्हणजे इंडियन. स्वदेशी वगैरे. तो हसत सुटला. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मोठ्या कंपन्यांचे खेळ असतात, शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबतात, मग तो एक खेळ चार-पाच हजारांना विकतात. हे मात्र एकट्या-दुकट्यानं किंवा पाच-दहा जणांनी मिळून केलेले. मोठ्या नाटक कंपनीपुढे हौशी मंडळींची प्रायोगिक एकांकिका असते ना, तसं समजा. झगमगाट कमी, तिकीटही कमी, पण कधी कधी घरी आल्यावर रात्रभर डोक्यात राहते ती एकांकिकाच.

त्यानं मला पहिला खेळ घेऊन दिला 'स्टारड्यू व्हॅली'. शहरातल्या नोकरीला कंटाळलेल्या एका मुलीला (मुलगाही घेता येतो) आजोबांची पडीक शेती मिळते. ती तिथं जाते, दगड-झाडोरा काढते, पेरते, झारीनं पाणी घालते, गावातल्या लोकांशी ओळखी करते. एवढंच. गावात एक छोटा दुकानदार आहे आणि त्याच्या पोटावर पाय आणणारं कंपनीचं मोठं दुकान आहे. आता आपल्या तालुक्याच्या गावांत हे कुणाला वेगळं समजावून सांगायला हवं? महिना २८ दिवसांचा, ऋतू चार. एक दिवस आपल्या घड्याळातल्या सुमारे चौदा मिनिटांत सरतो.

माझ्या फोनवर हा खेळ बघून आमच्या गटातली एक शेतकरीण, कांदा लावते ती, शेजारी येऊन बसली. तिनं जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं माझ्याकडे नव्हती.

"ताई, माल कुठं घालायचा?"

"घराजवळ पेटी आहे बघ. रात्री त्यात टाकायचा. सकाळी पैसे जमा."

"सकाळीच? आडत? हमाली, तोलाई?"

"काही नाही."

"आणि भाव?"

"ठरलेला. कितीही माल टाक, भाव पडत नाही."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "असा व्यापारी कुठं भेटतो हो ताई? आमची सोलापूरची पट्टी बघा की एकदा. गाडीभाडं वजा जाता काय हातात राहतंय." मग विचारलं, "ह्यात कांदा लावता येतो का?" म्हटलं, नाही, तो नाही लावता येत. "तरीच सुखी आहेत," म्हणाली आणि उठून गेली.

माझं या खेळाबद्दल मत विचाराल तर तिच्या बोलण्यातच निम्मं आलं. ही शेती नव्हे, शेतीचं स्वप्न आहे. बुजगावणं उभं केलं नाही तर कावळे पीक खातात, ऋतू बदलला की उभं पीक वाळून जातं, एवढाच काय तो धोका. सावकार नाही, दुष्काळ नाही. पण स्वप्न म्हणून छान आहे. पावसाच्या दिवशी पाणी घालावं लागत नाही, तेव्हा जो निवांतपणा मिळतो तो मला खराखुरा वाटतो. आणि दोषही सांगते. 'आता एकच दिवस, मग उठते' असं म्हणता म्हणता चौदा-चौदा मिनिटांचे सहा दिवस निघून जातात. माझं दूध दोनदा उतू गेलंय. फरक इतकाच, की इथं वेळ गेला तो माझ्या हावरटपणानं. पैसे भरा म्हणून कुणी मधेच अडवलं नाही.

हा खेळ ज्यानं केला त्याची गोष्ट मला खेळाइतकीच आवडते. अमेरिकेतल्या सिएटलजवळचा एरिक बरोन. कॉम्प्युटरचं शिक्षण झालं, नोकरी मिळेना. हात चालू राहावा म्हणून खेळ करायला घेतला आणि त्यात चार-साडेचार वर्षं गेली. चित्रं त्याची, संगीत त्याचं, गावातल्या प्रत्येक माणसाचं बोलणं त्यानं लिहिलेलं. या काळात तो संध्याकाळी एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायचा, आणि घर मुख्यतः चालवत होती त्याची मैत्रीण, नोकरी करून. फेब्रुवारी २०१६ मध्ये खेळ आला, १५ डॉलरला. २०२४ च्या अखेरपर्यंत त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. त्यानंतर त्यानं खेळात कितीतरी भर घातली, पण आधी घेतलेल्यांकडून त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. कौतुक सगळं एरिकचं होतं आणि ते योग्यच आहे. मला मात्र दर वेळी त्या चार वर्षांचं भाडं-किराणा भरणारी ती मुलगी आठवते. आपल्याकडे नवरा स्पर्धा परीक्षा देतोय आणि बायको शिलाई मशीनवर घर चालवतेय, अशी घरं मी रोज बघते. यश आलं तर फोटो एकाचाच छापून येतो.

दुसरा खेळ माझ्या अगदी कामाच्या जागचा निघाला. 'पेपर्स, प्लीज'. लुकास पोप नावाच्या माणसानं एकट्यानं केलेला, २०१३ चा. २०२२ पासून तो मोबाईलवरही आहे. एक काल्पनिक देश, साल १९८२. तुम्ही सरहद्दीवरचे कारकून. खिडकीसमोर रांग. प्रत्येकाचे कागद तपासायचे आणि शिक्का मारायचा, जाऊ द्या किंवा परत पाठवा. जितकी माणसं बरोबर तपासाल तितके पैसे. घरी बायको, मुलगा, सासू आणि मामा. भाडं, जेवण, थंडीसाठी शेगडी, सगळं त्या पगारात. रोज सकाळी नवा नियम. काल चालत होता तो कागद आज चालत नाही.

निराधार योजनेची प्रकरणं घेऊन मी गेली दहा-बारा वर्षं खिडकीच्या या बाजूला उभी राहिले आहे. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डवर सासरचं, बँकेत तिसरंच. म्हातारीला उन्हात तीन वेळा परत पाठवलेलं पाहिलंय. खिडकीतल्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय बोललेय ते इथे छापता येणार नाही. आणि इथं या खेळात मी त्याच्या खुर्चीत बसले! पाचव्या-सहाव्या दिवशी एक जोडपं येतं. नवऱ्याचे कागद चोख. तो आत जातो आणि जाता जाता सांगतो, मागून माझी बायको येतेय, तिच्याशी नीट वागा. बायको येते, तिच्याकडे परवाना नाही. पहिल्या दोन चुकांना नुसता ताकीदीचा कागद येतो, त्यानंतर पैसे कापले जातात. घरी मुलाला औषध हवंय.

मी तिला आत सोडलं. ताकीद आली. पण त्यानंतर मी काय केलं ते सांगायची लाज वाटते. पुढच्या दिवशी पैसे कमी पडायला लागले तेव्हा मी माणसांची तोंडं बघणं सोडून दिलं. नुसत्या तारखा आणि शिक्के बघायला लागले. भराभर. एक म्हातारी काहीतरी सांगत होती, मी वाचलंसुद्धा नाही. फोन खाली ठेवला तेव्हा कळलं, आपण काय करत होतो. त्यानंतर खिडकीतल्या माणसांबद्दलचं माझं मत फार काही बदललंय असं नाही. अडवायचं म्हणून अडवणारेही असतात, मी त्यांना ओळखते. पण हल्ली प्रकरण नेताना कागद क्रमानं लावून, वर यादी टाचून नेते. त्याच्या हातातला वेळ किती आहे हे एकदा अनुभवलंय ना! दिसायला हा खेळ अगदी कळकट, रंग शेवाळी-करडे. एकदा हात घातला की मन जड होतं. दुपारी निवांत पडल्या पडल्या खेळायचा हा खेळ नाही, हे आधीच सांगते. काही दृश्यं लहान मुलांना दाखवण्यासारखीही नाहीत.

आता माझा सगळ्यात लाडका, 'अनपॅकिंग'. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या 'विच बीम' या छोट्या चमूनं केलेला, नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला. रेन ब्रायर आणि टिम डॉसन हे दोघं एकत्र राहायला लागले तेव्हा सामान लावता लावता सुचलेला. खेळ काय, तर घर बदललंय, खोकी आलीत, ती उघडायची आणि सामान जागच्या जागी लावायचं. बस्स. मुलानं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, हे तर मी दिवसभर फुकट करतेच की! याचे पैसे कशाला?"

पण बसले. १९९७ सालची एका लहान मुलीची खोली. मग २००४, ती शिकायला बाहेर पडते. असं करत करत २०१८ पर्यंत आठ घरं. ती मुलगी एकदाही दिसत नाही. एक शब्द बोलत नाही. फक्त तिचं सामान. काय मागे राहिलं, काय प्रत्येक घरात बरोबर आलं, कोणत्या भांड्याचा टवका उडाला, यावरून तिचं सगळं आयुष्य आपल्याला समजतं. वस्तू लाकडावर ठेवली की वेगळा आवाज, फरशीवर वेगळा, कापडावर वेगळा. असे चौदा हजारांवर आवाज त्यांनी वापरलेत म्हणे. कप कपाटात ठेवतानाचा तो 'टक' ऐकून मला आमच्या माहेरच्या जाळीच्या कपाटाची आठवण झाली.

सासूबाई आधी लांबून बघायच्या. मग खुर्ची ओढून जवळ आल्या. "अगं, मिक्सर तिथं नको. पाणी उडेल." "बरण्या वरच्या फळीवर." सासूबाईंचं आणि माझं स्वयंपाकघरातल्या मांडामांडीवरून पंचवीस वर्षांत जेवढं बिनसलं असेल तेवढं त्या खेळात दोघींनी मिळून गुण्यागोविंदानं लावलं. तिसऱ्याच बाईचं घर होतं, म्हणून असेल कदाचित.

मग आलं २०१० सालचं घर. ती मुलगी तिच्या मित्राच्या घरी राहायला जाते. घर झकपक, पण सगळीकडे त्याचंच सामान. तिच्या वस्तूंना जागा करायची तर त्याचं जरा सरकवावं लागतं, कोंबावं लागतं. आणि खोक्यातून निघतं तिचं पदवीचं सर्टिफिकेट, फ्रेम केलेलं. भिंतीवर लावायला गेले, जागा नाही. दुसऱ्या भिंतीवर त्याची चित्रं. टेबलावर ठेवलं तर लाल रेघ येते, म्हणजे तिथं चालत नाही. मी आणि सासूबाईंनी सगळं घर पालथं घातलं. शेवटी ते बसलं पलंगाखाली. तिथंच फक्त चालतं.

आम्ही दोघी गप्प झालो. माझं बी.ए.चं सर्टिफिकेट लग्नात माहेरच्या ट्रंकेतून आलं. ती ट्रंक माळ्यावर गेली, मग वाळवी लागेल म्हणून सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फायलीत घालून दिवाणात ठेवलं, ते आजतागायत तिथंच आहे. हे काही कुणी दुष्टपणानं केलं नाही. भिंतीवर दत्तगुरूंचा फोटो होता, सासऱ्यांच्या सत्काराचा होता, ह्यांच्या कॉलेजच्या क्रिकेट संघाचा होता. माझं लावावं असं कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्यासुद्धा. सासूबाई सातवी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "माझा तर व्हर्नाक्युलर फायनलचा फॉर्मच भरला नव्हता." पंचवीस वर्षांत हे मला त्यांनी पहिल्यांदा सांगितलं.

पुढच्या घरात त्या मुलीबरोबर तो मित्र नाही. ती आईवडिलांकडे परत आलीय. काय झालं ते कुणी सांगत नाही, पण दोघांच्या एका फोटोत त्याच्या चेहऱ्यावर टाचणी टोचलेली असते. तो फोटो कुठं लपवायचा ते आपण ठरवायचं. या खेळाला २०२२ मध्ये ब्रिटनचे दोन बाफ्टा पुरस्कार मिळाले. त्यातला एक कथनासाठी होता, एकही वाक्य न बोलता सांगितलेल्या गोष्टीसाठी! माझी तक्रार एवढीच, की तीन-चार तासांत संपतो आणि पुन्हा खेळायला पहिल्यासारखी मजा नाही.

त्याहून छोटा 'वेनबा', २०२३ चा, कॅनडात टोरांटोच्या 'विसाई गेम्स'नं केलेला. १९८८ मध्ये तिकडे गेलेलं तमिळ जोडपं, त्यांचा मुलगा, आणि आईकडून आलेली पाककृतींची जीर्ण वही. वहीतली अक्षरं पुसट झालीत, पानं फाटलीत, तर अंदाजानं पदार्थ करायचा. पहिलाच पदार्थ इडली. आता इडलीपात्रातल्या ताटल्या कशा फिरवून बसवायच्या हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मुलगा अडला तिथं मी पुढे गेले! पण स्वयंपाक हे निमित्त आहे. मुलगा शाळेत जायला लागतो, त्याला डब्याची लाज वाटायला लागते, आईशी तमिळ बोलेनासा होतो. आमच्या गल्लीत दोन घरांतली मुलं परदेशात आहेत. त्यांच्या आयांना नातवंडांशी फोनवर बोलताना मी ऐकते, मराठीतला प्रश्न आणि इंग्रजीतलं उत्तर. त्यांना हा खेळ दाखवावा की नाही, मी अजून ठरवलं नाही. दीड तासात संपतो, त्या मानानं मूळ किमतीला मला महाग वाटला. सेलमध्ये घ्यावा.

आपल्याकडचंही एक सांगते. 'राजी' नावाचा खेळ चक्क पुण्यात तयार झालाय, 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं केलेला, २०२० मध्ये आला. आधी लोकांकडून वर्गणीसारखे पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी तो पुरा केला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी. राजस्थानी वाडे, महाल बघत राहावेत असे. पण उड्या मारायच्या आणि लढायचं, ते काही माझ्या बोटांना जमलं नाही. दर दोन मिनिटांनी मी दरीत. शेवटी मुलगा खेळला, मी बघितलं. किंमतही या बाकीच्यांपेक्षा जरा जास्त.

आणि कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांनी पुढाकार घेऊन केलेला 'मिसिंग', २०१६ चा. देहविक्रीसाठी पळवलेल्या मुलीच्या जागी आपण असतो आणि सुटकेचा रस्ता शोधायचा असतो. हा मोबाईलवर फुकट आहे, पण तुमच्याकडून काही काढून घ्यायला नव्हे, तर समजावं म्हणून. मी अर्ध्यात सोडला होता, दुसऱ्या दिवशी पुरा केला. किशोरवयीन मुलींना दाखवायचा असेल तर आधी स्वतः खेळा आणि शेजारी बसा.

मुलांसाठी असो की स्वतःसाठी, खेळ ओळखायचा कसा, हे मला गटात नेहमी विचारतात म्हणून लिहिते. मोबाईलच्या दुकानात खेळाच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, जाहिराती आहेत का आणि 'इन-अ‍ॅप परचेस' म्हणजे आत गेल्यावर खरेदी आहे का. फुकट आणि खाली हे दोन्ही लिहिलेलं असलं की सावध व्हा. किंमत लावलेली आणि खाली काहीच नाही, तो बहुतेक एकदाच पैसे घेणारा. फोनमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायची सोय असते, ती चालू करून ठेवा. हे मी २,३४० रुपये भरून शिकलेय. कॉम्प्युटरवर 'स्टीम' नावाचं दुकान आहे, तिथं किमती रुपयांत असतात आणि वर्षातून काही वेळा मोठे सेल लागतात. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. पण 'वेनबा'सारखा दीड तासाचा खेळ पुरा खेळून पैसे परत मागणारेही निघतात. हे काही मला पटत नाही. खानावळीत ताट चाटूनपुसून खायचं आणि मग जेवण आवडलं नाही म्हणायचं, तसलाच प्रकार. 'स्टारड्यू', 'पेपर्स', 'अनपॅकिंग' आणि 'वेनबा', सेल बघून घेतल्यामुळे हे चार मिळून मला सोळाशेच्या आसपास पडले. हे मात्र वहीत लिहिलेत. 'करमणूक' असं सदर काढून.

मोठी अडचण भाषेची आहे. मी खेळले ते सगळे इंग्रजीत. 'अनपॅकिंग'ला भाषा लागत नाही, म्हणून ज्यांना इंग्रजीची धास्ती वाटते त्यांनी त्यापासून सुरुवात करावी. दुपारी भांडी आवरली की माझा अर्धा-पाऊण तास असतो. कुणी मालिका बघतं, कुणी पडतं, मी माझ्या शेतात जाते. ह्यांनी एकदा विचारलं, "यातून मिळतं काय?" मी विचारलं, "क्रिकेट बघून काय मिळतं?" तो विषय तिथंच थांबला.

ती रमीवाल्याची बायको आता पुन्हा बैठकीला यायला लागलीय. महिन्याला दोनशे रुपये फेडते. कांदेवाल्या बाईनं सगळ्यांसमोर माझ्या शेताचा विषय काढला, तेव्हा बाकीच्या हसल्या, ती हसली नाही. तिला मी यातलं काहीच दाखवलेलं नाही. ती शेजारी बसते तेव्हा फोन पर्समध्येच ठेवते.